पडद्याआडचा हात

श्रोतेहो, आजची गोष्ट जुन्नरपासून सुरू होते, आणि तीही तीनशे पन्नास वर्षांपूर्वीच्या जुन्नरपासून.

साल होते १६७५. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन अवघे एक वर्ष लोटले होते. पण ज्या शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला तो गड मात्र तेव्हा मोगलांच्या ताब्यात होता आणि खाली जुन्नर शहरात मोगल सुभेदार राहत होता. त्याच्या घरात कुणी आजारी होते. त्याने मुंबईच्या इंग्रजांकडे वैद्य पाठवा म्हणून मागणी केली. कंपनीने आपला एक डॉक्टर पाठवला. त्याचे नाव जॉन फ्रायर. हा गृहस्थ कल्याण-मुरबाडच्या वाटेने निघाला. जायचे होते नाणेघाटाने. पण वाट चुकली आणि स्वारी आहुप्याच्या घाटाने, धापा टाकीत, वर चढली. तेथून आंबेगाव करून तो जुन्नरला पोचला. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पण फ्रायरने आपला प्रवास लिहून ठेवला, ते पुस्तक १६९८ साली लंडनला छापले गेले, आणि त्यामुळे आपल्या ह्या दोन तालुक्यांतली एक वैद्यकीय हकीकत आजही आपल्याला वाचता येते.

ती हकीकत अशी. चांगला दिवस पाहून फ्रायरला जनानखान्यात नेले. पलंगाला रेशमी पडदे होते. रोगी पडद्याच्या आत, वैद्य पडद्याच्या बाहेर. पडद्याखालून हात घालायचा, नाडी पाहायची आणि रोग सांगायचा, असा हुकूम. फ्रायरने नाडी पाहिली आणि म्हणाला, "ह्या बाईला काहीच झालेले नाही, ही ठणठणीत आहे." आत खसखस पिकली. कारण तो हात रोग्याचा नव्हताच. एका दासीचा हात पुढे केला होता. वैद्याची परीक्षा पाहत होते! मग खरा हात पुढे आला. ती नाडी अशक्त, मंद होती. फ्रायरने लक्षणे विचारली आणि आपले मत दिले.

पुढे दुसऱ्या एका बाईचे रक्त काढायला त्याला पुन्हा बोलावले. ह्या वेळी दालनात आडवा पडदा लावला होता आणि त्याला पाडलेल्या भोकातून फक्त हात बाहेर आला होता. आत जमलेल्या बायका डोकावून पाहण्यासाठी त्या पडद्यावर इतक्या रेलल्या की पडदाच खाली कोसळला! मंडळींची जी तारांबळ उडाली ती फ्रायरने मोठ्या गमतीने लिहिली आहे.

ही गोष्ट मी करमणुकीसाठी सांगितली खरी. पण तिचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे. आजचा विषय आहे अर्धशिशी. म्हणजे अर्धे डोके दुखण्याचा तो जुनाट विकार, आणि ज्याला अर्धशिशीबरोबर दमा, मधुमेह, रक्तदाब असे दुसरेही दुखणे आहे, त्याने काय करावे हा प्रश्न. माझे म्हणणे इतकेच, की आज जनानखाना नाही, रेशमी पडदा नाही, तरीही आपण वैद्यापुढे पुष्कळदा एकच हात करतो आणि बाकीचे शरीर पडद्याआड ठेवतो. त्याने कसा घात होतो, ते ह्या विकाराच्या इतिहासावरूनच दिसून येईल.

अर्धशिशी आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यांतला एक 'अर्धावभेदक', म्हणजे डोक्याचा अर्धा भाग फोडून काढणारा. सुश्रुताने एक बारकाईची गोष्ट नोंदवली आहे. हे दुखणे पंधरवड्याने, दहा दिवसांनी, किंवा अचानकही उठते. म्हणजे येते, जाते आणि पुन्हा येते. चरकसंहितेत त्याची कारणे दिली आहेत: रुक्ष अन्न, जेवणावर जेवण, गार वारा आणि दव अंगावर घेणे, मलमूत्राचे वेग दाबून ठेवणे, फार श्रम. ज्या बाईला पहाटे उठून कांद्याच्या रानात जायचे असते, दिवसभर उन्हात वाकायचे असते आणि आडोसा नाही म्हणून लघवी रोखून धरायची असते, तिला ह्या यादीतली निम्मी कारणे ओळखीची वाटतील.

घरगुती उपायही पुष्कळ. कुणी सुंठ उगाळून कपाळाला लेप लावते, कुणी जायफळ. कुणी नाकात तुपाचे थेंब सोडते. कुणी सूर्य उगवायच्या आत दूध आणि जिलेबी खायला देते. डोक्याला फडके करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहणे हा तर सगळ्यांचाच उपाय. काही ठिकाणी डाग देण्याची चाल होती. लेप आणि अंधार ह्यांनी कुणाचे वाईट होत नाही; डागण्याने मात्र कातडी जळते आणि अर्धशिशी जागच्या जागी राहते.

आपल्या भागाशी आणखी एक नाते आहे. भीमाशंकरच्या रानात आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा होतो. आपले महादेव कोळी बांधव आणि भगिनी तो गोळा करतात, वाळवतात आणि बाजारात आणतात. बाळहिरड्यावर कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च निघतो. हिरड्याला संस्कृतात 'पथ्या' हेही नाव आहे. आणि शार्ङ्गधरसंहितेत डोकेदुखीवर जो काढा सांगितला आहे त्याचे नावच 'पथ्यादि काढा'. हिरडा, बेहडा, आवळा, किराईत, हळद, कडुनिंब आणि गुळवेल, असा त्याचा पाठ. तेव्हा डोंगरात गोळा होणाऱ्या ह्या फळाचे आणि डोकेदुखीचे नाते शेकडो वर्षांचे आहे. काढा घेणाऱ्याने घ्यावा. पण जाणत्या वैद्याकडून घ्यावा, आणि डॉक्टरचे दुसरे औषध चालू असेल तर दोघांनाही तसे सांगावे. झाडपाला म्हणजे औषध नव्हे, अशी समजूत चुकीची आहे. तो गुण करतो म्हणूनच तो औषध आहे, आणि औषध आहे म्हणूनच त्याची नोंद हवी.

आता जरा समुद्रापलीकडे पाहू. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याने ह्या विकाराला 'हेमिक्रानिया' म्हणजे 'अर्धे मस्तक' असे नाव दिले. त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द झाला. गंमत पाहा, संस्कृत, मराठी आणि ग्रीक, तिन्ही भाषांनी ह्या रोगाचे नाव 'अर्धे डोके' असेच ठेवले. दुखणाऱ्याला जे जाणवते ते सगळीकडे सारखेच. उपाय मात्र तिकडेही अंधारातच चाचपडत होते. शतकानुशतके डोकेदुखीवर रक्त काढत. जुन्नरला फ्रायरने हातात जे हत्यार धरले, तेच युरोपात अर्धशिशीवरही धरले जात होते.

खरे औषध हाती लागले ते विसाव्या शतकात, आणि तेही कोठून, तर धान्यावरच्या रोगातून! बाजरी पिकवणाऱ्या शेतकरी बंधूंना अरगट ठाऊक आहे. बाजरी फुलोऱ्यात असताना पावसाळी, ढगाळ हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट पाझर सुटतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. अशी बाजरी खाण्यात आली तर मळमळ, वांती, चक्कर आणि गुंगी येते. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी विषबाधा झाल्याची नोंद १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. म्हणून तर बियाणे मिठाच्या पाण्यात, दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ ह्या प्रमाणात, बुडवून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाका, असे शेतीखाते सांगत आले आहे. बी मग साध्या पाण्याने धुऊन, वाळवून पेरायचे.

युरोपात राय नावाच्या धान्यावर ह्याच जातीची बुरशी पडते. तिचे विष मात्र बाजरीवरच्या विषाहून निराळे आणि अधिक भयंकर. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मध्ययुगात ते पीठ खाऊन लोकांची बोटे, पाय काळे पडून गळून जात. पण विषाची मात्रा सांभाळली की तेच औषध होते. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात आर्थर श्टोल ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९१८ साली ह्या बुरशीतून 'एर्गोटामिन' वेगळे काढले. १९३८ साली अमेरिकेत ग्रॅहॅम आणि वुल्फ ह्या डॉक्टरांनी दाखवले, की अर्धशिशीच्या झटक्यात हे औषध दिले तर कपाळाशेजारच्या रक्तवाहिनीचे धडधडणे कमी होते आणि दुखणेही ओसरते.

येथे आपल्या विषयाची पहिली गाठ आहे. जे औषध रक्तवाहिन्या आवळते, ते हृदयाच्या रोग्याला कसे चालेल? ज्याचा रक्तदाब आधीच चढलेला आहे त्याला कसे चालेल? डोके राहील आणि काळीज जाईल! गरोदर बाईला तर ते मुळीच चालत नाही. म्हणजे पहिले हमखास औषध मिळाले त्याच वेळी हाही धडा मिळाला, की अर्धशिशीचे औषध डोक्याकडे पाहून देता येत नाही, माणसाकडे पाहून द्यावे लागते.

दुसरी अडचण अशी, की हे औषध झटका आल्यावर घ्यायचे. ज्याला महिन्यातून एकदा त्रास होतो त्याचे भागले. पण ज्याला आठ-दहा दिवस डोके धरून बसावे लागते त्याने काय करावे? झटका येऊच नये, निदान कमी यावा, असे काही हवे होते. ह्यालाच प्रतिबंधक उपाय म्हणतात. आग लागल्यावर विहिरीकडे धावणे वेगळे, आणि गंजीभोवतीचे गवत आधीच काढून ठेवणे वेगळे.

१९५९ साली इटलीतल्या सिकुटेरी नावाच्या डॉक्टराने 'मेथिसर्जाइड' हे औषध अर्धशिशी रोखण्यासाठी वापरले. तेही त्याच बुरशीच्या कुळातले. गुण चांगला येई. परंतु काही वर्षांतच ध्यानात आले, की ते दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या पोटात, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्यांभोवती, चिवट तंतू वाढतात आणि नळ्या दाबल्या जातात. ते औषध मागे पडले. एक दुखणे थांबवताना दुसरे उभे करायचे नाही, हा दुसरा धडा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हृदयाच्या रोग्यांसाठी एक औषध शोधले. चालताना, चढण चढताना छातीत कळ येते, त्या रोग्यांच्या हृदयावरचा ताण कमी व्हावा हा हेतू. त्याचे नाव 'प्रोप्रानोलॉल'. १९६०च्या दशकात ते बाजारात आले. ब्लॅकला पुढे १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला काही डॉक्टर हे औषध छातीच्या कळेवर तपासून पाहत होते. त्यांच्या रोग्यांपैकी एकाला अर्धशिशीही होती. औषध चालू असताना त्याची अर्धशिशी थांबली! ही गोष्ट त्यांनी १९६६ साली आपल्या लेखात नोंदवली. पुढे मुद्दाम चाचण्या झाल्या, आणि आज साठ वर्षांनीही हे औषध अर्धशिशी रोखण्यासाठी जगभर दिले जाते.

श्रोतेहो, हा शोध कसा लागला ते नीट पाहा. रोग्याने छातीबरोबर डोक्याचेही सांगितले म्हणून लागला. डॉक्टराने ते ऐकून घेतले म्हणून लागला. "तुम्ही छातीचे रोगी, डोक्याचे इथे काढू नका," असे तो म्हणाला असता, किंवा "डोक्याचे कशाला सांगायचे," म्हणून रोगी गप्प बसला असता, तर हे औषध कितीतरी वर्षे कुणाला कळले नसते.

आता ह्याच गोळीची दुसरी बाजू. ती मी माझ्या घरातच पाहिली आहे.

माझी एक आत्या घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान गावी दिलेली. अर्धशिशी तिला लग्नाआधीपासूनची; दमा चाळिशीनंतरचा; आणि पुढे रक्तदाबही जडला. डोके उठले की ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडे. शेजारच्या वहिनींनाही अर्धशिशी होती आणि शहरातल्या डॉक्टरच्या गोळीने त्यांना छान गुण आला होता. शेजारधर्म म्हणून वहिनींनी आपल्या पाकिटातल्या गोळ्या आत्याला दिल्या. हेतू चांगलाच. ती गोळी होती हीच, प्रोप्रानोलॉल. पहिल्याच रात्री आत्याचा दमा असा उसळला की श्वास आत जाईना, बाहेर येईना. ओठ निळे पडले. पोरांनी जीप काढली आणि रात्री अडीचला सरकारी दवाखान्यात पोचवले. नशीब थोर म्हणून ती वाचली.

सकाळी डॉक्टर आले. मी तेथेच होतो. त्यांनी विचारले, "आत्याबाई, ही गोळी कुणी दिली?"

"शेजारच्या वहिनीनं, डॉक्टरसाहेब. तिला लई गुण आला व्हता."

"त्यांना दमा आहे का?"

"तिला कशाचा दमा? दमा मला हाय."

"मग डोक्याचं आणि दम्याचं कधी एकाच डॉक्टरला सांगितलंत का?"

आत्या म्हणाली, "डोक्याला डोक्याचा डॉक्टर, दम्याला दम्याचा. दोगांची गाठ कशाला घालायची? आन् दम्याचं काय सांगायचं, त्यो तर आता घरचाच हाय."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आत्याबाई, तो घरचा असला तरी घरात किती माणसं आहेत हे पाहुण्याला सांगावं लागतं. नाहीतर पाहुणा अंधारात कुणाच्या तरी पायावर पाय देतो."

घडले होते ते असे. प्रोप्रानोलॉल हृदयाचे ठोके मंद करते. पण जी दारे ते हृदयात बंद करते, तशीच दारे श्वासनळ्यांतही असतात. ती बंद झाली की दमेकऱ्याच्या नळ्या आवळतात, आणि त्याची नेहमीची फवाऱ्याची औषधेही नीट लागू पडत नाहीत. म्हणून दमेकऱ्याला हे औषध देत नाहीत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यालाही ते जपून देतात. कारण साखर एकदम उतरली की छातीत धडधड होते, हात कापतात, आणि त्यावरून माणूस सावध होतो. ही गोळी त्या खुणाच झाकून टाकते. घाम तेवढा येतो, पण तो पुष्कळदा उन्हाचा समजला जातो.

डॉक्टरांनी आत्याला सांगितले, पुढच्या खेपेला घरातली झाडून सगळी औषधे एका पिशवीत घालून आणा. आणली. पिशवीतून निघाल्या रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचा फवारा, जत्रेतून आणलेली एक बिननावाची पुडी, काढ्याची बाटली, आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, ती तर ओंजळभर. डॉक्टरांनी ती पाकिटे मोजली आणि म्हणाले, "अर्धं दुखणं ह्यांच्यात आहे."

ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही, पण ती खरी आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिले, तर त्या गोळ्यांनीच रोज डोके दुखू लागते. शिवाय मूत्रपिंडाला, जठराला इजा होते, रक्तदाब चढतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्याचे मूत्रपिंड तर आधीच नाजूक असते.

मग आत्याला दिले काय? एक रक्तदाबाचेच औषध आहे, 'कँडेसार्टन'. २००३ साली नॉर्वेतल्या साठ रोग्यांवरच्या चाचणीत दिसले, की त्याने अर्धशिशीचे दिवस कमी होतात. दमेकऱ्याला ते चालते. डॉक्टरांनी तिची रक्तदाबाची जुनी गोळी बदलून ही दिली. एका गोळीत दोन कामे झाली. बिननावाची पुडी बंद, कारण तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येईना. वेदनाशामक गोळ्या हळूहळू कमी केल्या. आणि कालनिर्णयावर जेथे दुधाच्या खाड्याची खूण करतात, तेथेच डोके दुखल्याच्या दिवशी फुली करायला सांगितले. पहिल्या महिन्यात अकरा फुल्या. तिसऱ्या महिन्यात पाच. अर्धशिशी गेली नाही. पण निम्मी झाली, आणि वैद्यकशास्त्र ह्यालाच यश म्हणते.

दुसऱ्या कुणाला दुसरे औषध लागेल. नैराश्यावरचे म्हणून निघालेले 'अमिट्रिप्टिलिन' थोड्या मात्रेत अर्धशिशी रोखते, असे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ज्याला झोपच येत नाही त्याला ते बरे; पण काचबिंदू असेल, म्हातारपणी लघवी अडत असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर सांभाळावे लागते. 'फ्लुनारिझिन' आपल्याकडे पुष्कळ देतात. त्याने वजन वाढते, सुस्ती येते, मन उदास होऊ शकते, आणि कंपवाताच्या रोग्याला ते वर्ज्य. 'व्हॅल्प्रोएट' हे फेफऱ्यावरचे औषध. ते १८८२ सालीच तयार झाले होते, पण ऐंशी वर्षे केवळ इतर द्रव्ये विरघळवायला वापरले जाई. १९६२ साली फ्रान्समध्ये अचानक त्याचा फेफऱ्यावरचा गुण कळला आणि पुढे अर्धशिशीवरचाही. पण ज्या बाईला मूल होण्याचा संभव आहे तिला अर्धशिशीसाठी ते देऊ नये. पोटातल्या बाळाच्या शरीराला आणि बुद्धीला त्याने इजा होते. 'टोपिरामेट'चेही तसेच, शिवाय ज्याला मुतखडा झाला आहे त्याने ते जपून घ्यावे.

अलीकडचा शोध निराळ्या वाटेने आला. १९९० साली गोड्सबी आणि एडविन्सन ह्यांनी दाखवले, की अर्धशिशीच्या झटक्यात चेहऱ्याच्या मज्जातंतूंतून सुटणारे एक विशिष्ट द्रव्य रक्तात वाढते. केवळ रक्तवाहिन्या फुगतात हे जुने उत्तर अपुरे होते. मूळ मज्जातंतूंत आहे. त्या द्रव्याला अडवणारे पहिले टोचण्याचे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. अर्धशिशीसाठीच म्हणून, विचार करून तयार केलेली ही प्रतिबंधक औषधे. ती अजून महाग आहेत. गावाकडच्या घराला सहज झेपणारी नाहीत. परंतु वर सांगितलेली बहुतेक जुनी औषधे स्वस्त आहेत, आणि योग्य माणसाला योग्य ती मिळाली तर तीही उत्तम काम करतात.

दुखणे लहान समजू नका. जगात साधारण सात माणसांत एकाला अर्धशिशी आहे. बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरात जवळजवळ चारांत एकाला अर्धशिशी झाल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. आणि नेमक्या त्याच सांगत नाहीत. डोके दुखते म्हणून कोण दवाखान्यात जाते, असे त्यांना लहानपणापासून ऐकवलेले असते.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. महिन्यात चार किंवा अधिक दिवस अर्धशिशी होत असेल तर प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. जाताना सगळी औषधे, काढे आणि पुड्यांसकट, पिशवीत घालून न्यावी. दमा, साखर, रक्तदाब, मुतखडा, फेफरे, गरोदरपण, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, सगळे सांगावे. डोळ्यांपुढे चकाकत्या रेघा येऊन ज्यांची अर्धशिशी सुरू होते, त्या स्त्रियांना पाळणा लांबवण्याच्या काही गोळ्या धोक्याच्या ठरतात, हे विशेष. औषध सुरू केल्यावर दोन-तीन महिने धीर धरावा. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नये, आणि मनानेच एकदम बंदही करू नये. आणि दुसऱ्याची गोळी, ती सख्ख्या बहिणीची असली तरी, घेऊ नये.

खाण्याझोपेच्या वेळा सांभाळणे हाही प्रतिबंधच. ओझरच्या विघ्नहराची आणि लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची आपल्याकडे मोठी भक्ती. संकष्टीचा उपास घरोघर. पण दिवसभर पोट रिकामे राहिले की पुष्कळांची अर्धशिशी उठते, आणि मधुमेह असेल तर साखरही घसरते. अशांनी डॉक्टरला विचारून उपास हलका करावा. देव काही उपाशी डोक्याचा हिशेब मागत नाही.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. मुलांनाही अर्धशिशी होते. एखादे मूल वरचेवर डोके धरून बसते, उजेड नको म्हणते, ओकते, आणि झोपून उठले की पुन्हा हुशार होते, तर ते ढोंग समजू नका. कोणत्या दिवशी असे होते ते लिहून ठेवा आणि पालकांना सांगा.

एवढे मात्र विसरू नये: आजवर कधी झाले नाही असे भयंकर डोके एकाएकी उठले, बोलणे अडखळले, हातपाय लुळा पडला, ताप येऊन मान ताठली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच नव्याने डोके दुखू लागले, तर ती अर्धशिशी समजून घरी पडून राहू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

जुन्नरच्या त्या दालनात १६७५ साली पडदा कोसळला तेव्हा सगळ्यांची धांदल उडाली आणि बाईंच्या हुकुमाने तो पुन्हा उभा केला. तो काळच तसा होता. आज आपल्यापुढचा पडदा लाजेचा आहे, सवयीचा आहे, 'त्यात काय सांगायचे' ह्या शब्दांचा आहे. तो आपल्यालाच खाली टाकावा लागेल. माझी आत्या आता दवाखान्यात गेली की पिशवी आधी टेबलावर ओतते आणि मग खुर्चीवर बसते. म्हणते, "घ्या डॉक्टरसाहेब, घरातली समदी माणसं आणलीत."